नगावर भाडं : बेसची पेटी एक का झाली आणि दोन का झाली

 

जे हा भाग ऐकायच्या ऐवजी इथं वाचतायत त्यांना आधीच सांगून ठेवतो. ऐकणाऱ्यांना सुरुवातीला दहा-बारा सेकंद एक आवाज ऐकवला होता, तो लिहिता येत नाही. खालच्या पट्टीतला, एकसुरी, 'हुंऽऽ' असा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर तुम्हाला काहीच ऐकू आलं नसेल, कारण तो टिचभर स्पीकर एवढ्या खाली उतरतच नाही. ज्यांनी हेडफोन लावले होते त्यांना कळलं असेल. तो आमच्या घरच्या पेटीचा आवाज आहे. चालू केली, काही वाजवलं नाही, तरी ती असं गुणगुणत बसते. माझं लहानपण या आवाजात गेलं.

पेटी म्हणजे काय, तर बेस गिटारचा अँप्लिफायर. वर मशीन, खाली पंधरा इंची स्पीकर, सगळं एकाच खोक्यात. बाहेरच्या जगात याला 'कॉम्बो' म्हणतात. आमच्या आण्णांच्या पार्टीत तिला नुसतं 'पेटी' म्हणायचे, आणि हार्मोनियमलाही पेटीच म्हणायचे, त्यामुळे 'पेटी घे रं' असं कुणी ओरडलं की नवा पोरगा हमखास चुकीची उचलायला जायचा. म्हणजे उचलायचा प्रयत्न करायचा. मागच्या वर्षी मी ती आडतीवरच्या काट्यावर नेऊन ठेवली. बेचाळीस किलो भरली. मूठ एकच, वरच्या बाजूला, लोखंडी पट्टीची. दहा पावलं चाललात की बोटांवर लाल वळ.

आण्णा आता सहासष्ट वर्षांचे आहेत. मणक्यात गॅप. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलंय. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या जुन्या गायन पार्टीतले दोघं-तिघं घरी आले आणि म्हणाले, एप्रिलमध्ये जयंतीला एक तासाचा कार्यक्रम करू, जुनीच माणसं, जुनीच गाणी. आण्णा हसले, चहा झाला, आणि सगळे गेल्यावर आईला म्हणाले, "पेटी कोण उचलणार?" एवढंच. पण मी ऐकलं. आणि मनात म्हणलं, उचलायचाच प्रश्न आहे ना, तर तिचे दोन तुकडे करू. मशीन वेगळं, स्पीकरचं खोकं वेगळं. डोकं आणि धड.

तर आजचा भाग याच्यावर. मधे-मधे मी इतिहासात जाणार आहे, सवयीप्रमाणे. पण सुतारकाम आणि माझी फजितीही सांगणार आहे.

पहिली गोष्ट. आपल्याकडं, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, मशीन आणि स्पीकर एकत्र कधी होते? आठवून बघा. सप्ता बसलाय. मारुतीच्या पारावर टेबल, टेबलावर चादर, चादरीवर अहुजाचं मशीन, शेजारी माइकवाला. आणि आवाज कुठून येतोय? लिंबाच्या झाडावरून. देवळाच्या शिखराजवळ बांधलेल्या कर्ण्यातून. पार तिकडं वेशीवरच्या खांबावरून. मशीन इथं, कर्णा दोनशे-तीनशे फुटांवर. म्हणजे ज्याला गिटारवाले लोक 'हेड आणि कॅबिनेट वेगळं करणं' म्हणून मोठ्या कौतुकानं सांगतात, ते आपल्या माइकवाल्यांनी कधी वेगळं केलंच नाही, कारण ते एक नव्हतंच मुळी.

आणि हे फक्त आपल्याकडं नाही. लाउडस्पीकरचा जन्मच असा आहे. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम या दोघांनी ग्रामोफोनचा कर्णा आपल्या यंत्राला जोडला आणि १९१५ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, सान फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या गर्दीला भाषण आणि गाणी ऐकवली. त्यांच्या कंपनीचं नाव मॅग्नावॉक्स, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मोठा आवाज'. चार वर्षांनी, १९१९ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोला याच पद्धतीनं सुमारे पन्नास हजार लोकांसमोर बोलले. तिथंही मशीन एकीकडं, कर्णे दुसरीकडं. भाषण ऐकणारी माणसं लांब असतात, म्हणून आवाज लांब न्यायचा असतो. साधं गणित.

भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओनं. गांधीजी, नेहरू यांचे सभेतले जुने फोटो बघा, पुढच्या माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. कंपनी शिकागोची नव्हे बरं का, आपलीच. त्यातले नानिक मोटवाने १९४२ च्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यातही होते, उषा मेहतांच्या सोबत. पुढं सुटले. तो एक वेगळाच भाग होईल, करू कधीतरी. आणि दिल्लीत १९४० मध्ये अहुजा सुरू झाली, जिचं नाव आपल्या भागात आज कंपनीचं राहिलेलंच नाही, ते वस्तूचं नाव झालंय. 'अहुजा लाव' म्हणजे मशीन लाव.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कंटाळू नका, कारण नंतर माझी जी वाट लागली ती यातच आहे. स्पीकरला एक ओहमचा आकडा असतो, चार, आठ, सोळा. आकडा जितका कमी तितका तो मशीनमधून जास्त करंट ओढणार. आता शंभर वॉटची ताकद आठ ओहमच्या स्पीकरला द्यायची तर साधारण साडेतीन अँपियर करंट जातो. स्पीकर शेजारी असेल तर ठीक. पण तीनशे फुटांवर लिंबावर असेल तर अर्धी ताकद तारच खाणार, कर्णा कुजबुजणार. म्हणून अहुजाच्या मागं बघा, ४, ८, १६ ओहमच्या शेजारी '१०० व्होल्ट' असा एक स्क्रू असतो. आवाज आधी शंभर व्होल्टवर चढवायचा, बारीक तारेतून न्यायचा आणि कर्ण्याच्या युनिटला लावलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरनं खाली उतरवायचा. तीच शंभर वॉट ताकद आता एक अँपियरमध्ये जाते. तारेतलं नुकसान करंटच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ते साधारण बारापट कमी झालं. परळीच्या थर्मलमधून वीज निघते ती उंच टॉवरवरून एवढ्या मोठ्या दाबानं का नेतात, त्याचं कारण आणि सप्त्यातल्या कर्ण्याचं कारण एकच. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं नीट कळलं नव्हतं जितकं एका सप्त्यात माइकवाल्याशेजारी बसून कळलं.

बरं. मग पेटी एक कुठून झाली?

ती झाली रेडिओमुळं. अगदी सुरुवातीच्या रेडिओलाही कर्णा वेगळाच असायचा, टेबलावर हंसाच्या मानेसारखा. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आज आपण वापरतो तसा कागदी कोनचा स्पीकर नीट बसवून दाखवला, आणि मग हळूहळू मशीन आणि स्पीकर एकाच लाकडी खोक्यात आले. दिवाणखान्यातली शोभेची वस्तू झाली. आता गिटारचे अँप्लिफायर बनवणारे लोक कोण होते? रेडिओवाले! लिओ फेंडर यांचं १९३८ मध्ये फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत. रेडिओवाल्याला पेटी करायला सांगितली तर तो काय करणार? रेडिओ करणार. एका खोक्यात सगळं.

१९५१ मध्ये फेंडरनी प्रिसिजन बेस काढला. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरायचं व्हायोलिनच्या जातीचं वाद्य. ते वाजवणाऱ्याचा निम्मा जन्म ते गाडीत कसं घालायचं यात जायचा. नवा बेस खांद्याला अडकवता आला. पण त्याचा आवाज काढायला अँप्लिफायर पाहिजे, म्हणून पुढच्या वर्षी बासमन नावाची पेटी आली, पंधरा इंची एक स्पीकर. आणि इथं अडचण सुरू झाली. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला थरथरते, बेसची ४१ ला. एक सप्तक खाली. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या कोनाला चौपट पुढं-मागं हलावं लागतं. म्हणजे खोकं हादरणार. खोक्यात वरच्या कप्प्यात काचेचे व्हॉल्व्ह. पेटलेल्या व्हॉल्व्हवर टिचकी मारा, स्पीकरमधून 'टंग' ऐकू येतं, कारण आतल्या जाळ्या थरथरतात आणि ती थरथरच आवाज होऊन बाहेर येते. बेसची पेटी म्हणजे मशीननं स्वतःलाच दिवसभर टिचक्या मारून घेण्यासारखं होतं. वर उष्णता, वर वजन.

तेव्हा १९६० च्या आसपास दोन माणसांनी दोन वाटा काढल्या. फेंडरनी बासमनचे सरळ दोन तुकडे केले, डोकं वर, खोकं खाली. दुसरीकडं न्यू यॉर्कच्या एव्हरेट हल यांच्या अँपेग कंपनीनं १९६० मध्ये बी-१५ नावाची पेटी आणली, ती मला फार आवडते. तिचं मशीन झाकणाला उलटं लावलेलं. वाजवायच्या वेळी झाकण पलटी करायचं, मशीन वर येतं. काम संपलं की परत पलटी, मशीन खोक्यात झोपलं. प्रवासात एक, स्टेजवर जवळपास दोन. (अँपेग हे नावसुद्धा मजेशीर आहे. उभ्या बेसच्या खालच्या खुंटीत, म्हणजे पेगमध्ये, माइक बसवून आवाज मोठा करायचा, त्यावरून ते पडलं.)

लंडनमध्ये जिम मार्शल, मूळचे ड्रमर, वाद्यांचं दुकान चालवायचे. फेंडरचा माल अमेरिकेहून येईपर्यंत महाग व्हायचा. १९६२ मध्ये त्यांच्या दुकानातल्या माणसांनी बासमनचंच सर्किट समोर ठेवून आपलं मशीन बनवलं आणि ते सुरुवातीपासून वेगळं ठेवलं, खाली बारा इंची चार स्पीकरचं बंद खोकं. गंमत अशी की बेससाठी जन्मलेलं सर्किट गिटारवाल्यांनी पळवलं. पुढं 'द हू'च्या पीट टाउनशेंडनं आठ स्पीकरचं एकच खोकं मागितलं, ते बनवलं, आणि सामान वाहणाऱ्या पोरांनी हात टेकले. मग तेच कापून चार-चारची दोन केली, एकावर एक ठेवायला. रॉकच्या स्टेजवरची ती प्रसिद्ध भिंत अशी उभी राहिली. १९६९ मध्ये अँपेगनं एसव्हीटी काढला, तीनशे वॉट, चौदा व्हॉल्व्ह, नुसतं डोकंच चाळीस किलोच्या घरात. म्हणजे आमची आख्खी पेटी. खाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. ते एकत्र करायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझं मत विचाराल तर या सगळ्या इतिहासात वाजवणाऱ्यांना आणि बनवणाऱ्यांना नाव मिळालं, पण निर्णय खूपदा उचलणाऱ्यांनी घेतले. त्यांची नावं कुठं नसतात.

आता अंबाजोगाई. आमच्या गावात गल्लीच्या तोंडाशी एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. जुनी माणसं अंबाजोगाईला मोमिनाबादच म्हणायची, निजामाच्या काळातलं नाव, तसे चाचाही म्हणायचे. सप्त्याची मशिनं, लग्नाची मशिनं, बँजो पार्टीचं सगळं त्यांच्या हातून जायचं. बँजो म्हणजे आपला बुलबुल तरंग, पिकअप लावून अहुजात घातलेला. आण्णांची गायन पार्टी आधी हार्मोनियम, ढोलकी, बँजोवर चालायची. वामनदादा कर्डकांची परंपरा मानणारी मंडळी. मग ऐंशीच्या दशकात कॅसेटी आल्या, सिनेमाच्या गाण्यांत बेस गिटार ठळक ऐकू यायला लागली, आर. डी. बर्मनच्या ताफ्यात टोनी वाझ वाजवायचे ती. लोक म्हणायला लागले, तुमच्या गाण्याला खालून भर नाही. आण्णांनी एक वापरलेली बेस गिटार आणली. पण वाजवायची कशात? परदेशी पेटी घ्यायची आमच्याकडं कुणाची ऐपत नव्हती. कर्ण्यात घातली तर डबा वाजवल्यासारखा आवाज, कारण कर्णा खालचे सूर देतच नाही, तो बोलण्यासाठी असतो. चाचा म्हणाले, बनवतो.

चाचांनी बनवलेली पेटी व्हॉल्व्हची नाही, ट्रान्झिस्टरची. बेंगळुरूच्या बीईएलनं साठच्या दशकात व्हॉल्व्ह आणि पाठोपाठ ट्रान्झिस्टर देशात बनवायला सुरुवात केली, आणि ऐंशीपर्यंत देशी मशिनं जवळपास सगळी ट्रान्झिस्टरवर आली होती. त्यातला राजा म्हणजे २एन३०५५, डोळ्याच्या आकाराची चपटी धातूची डबी, दोन स्क्रूनी पत्र्याच्या पंखांवर बसवलेली. आमच्या पेटीत असे चार. आण्णा त्यांना 'बटणं' म्हणायचे.

या पेटीनं काय काय पाहिलं. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यासाठी सोळा वर्षं लोकांनी काय सोसलं ते मी वेगळं सांगायला नको. त्या एप्रिलमध्ये आण्णांच्या पार्टीला एकवीस कार्यक्रम होते, कधी-कधी दिवसाला दोन. आणि त्याच्या आदल्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनाचा कार्यक्रम करून पार्टी रात्री उशिरा परतली, आण्णा थकून पेटीला टेकूनच ओसरीवर झोपले. पहाटे चार वाजायच्या सुमारास पेटी हादरली. झोपेत त्यांना वाटलं, मशीन चालूच राहिलं. हात लावला तर बटण बंद. तो किल्लारीचा भूकंप होता, ३० सप्टेंबर १९९३. आण्णा हे एकदाच बोलले, पुन्हा नाही. त्या गणपतीत त्यांनी औसा-निलंग्याकडंही कार्यक्रम केले होते.

तर अशी ती पेटी मी मार्चमधल्या एका रविवारी उघडायला घेतली. आण्णा खुर्ची टाकून बसले. "फोडायलास का?" "फोडत नाही आण्णा, वेगळी करतोय." "तेच."

मागचा पत्रा काढला. पहिली गोष्ट, उघडल्यावर अर्धा तास काही करायचं नाही. प्लग काढला तरी आतले मोठे कंडेन्सर चार्ज धरून असतात. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये तर चारशे-पाचशे व्होल्ट, माणूस मरू शकतो. घरी कुणी हे करणार असाल तर आधी जाणकार शेजारी बसवा, हौस नंतर. मीटरनं शून्य दाखवल्यावर मी मशीनचे स्क्रू काढले. मला वाटलं होतं, मशीनच्या आणि स्पीकरच्या कप्प्यात एक आडवी फळी असेल, ती वाचवून वरचं खोकं करवतीनं कापायचं. फळी होती. पण एक नाही. दोन, एकमेकींना चिकटून. मधे बोट घालून बघितलं तर दोन्हीच्या आतल्या अंगाला रेक्झिन. न दिसणाऱ्या जागी रेक्झिन कोण लावतं? मग वरच्या फळीच्या चार कोपऱ्यांना गोल भोकं दिसली, रबरी पायांची. खालच्या खोक्याच्या दोन बाजूंना मुठींच्या जागा, आतून ठोकळे मारून बुजवलेल्या. बाहेरून सगळ्यावर एकच काळं रेक्झिन ओढलेलं, आणि कडेला दोन पट्ट्या, आठ-आठ खिळे.

मी आण्णांकडं बघितलं. ते मोबाईलमध्ये बघत होते.

"आण्णा, ही दोनच होती का?"

"व्हती."

चाचांनी १९८८ मध्ये ती वेगळीच बनवली होती! अर्थात. जन्मभर माइकवाल्यांची मशिनं केलेला माणूस मशीन आणि स्पीकर एकत्र कशाला करेल? त्यांच्या डोक्यात ते कधी एक नव्हतंच. मग झालं काय, तर काळी-पिवळी जीप. टपावर सामान टाकलं की भाडं नगावर. ढोलकी मांडीवर, हार्मोनियम मांडीवर, पण डोकं एक नग, धड एक नग. तीन वर्षं दिलं. मग एका रात्री डोकं केजच्या स्टँडवर राहिलं आणि धड धारूरला पोचलं. कार्यक्रम बेसशिवाय झाला. डोकं दुसऱ्या दिवशी एका चहावाल्यानं सांभाळून ठेवलेलं सापडलं. आण्णा तसेच चाचांकडं गेले. चाचा म्हणाले, "दो नग के दो भाडे कायकू देता रे तू," आणि पट्ट्या ठोकून दिल्या. सोबत बजावलं, मशीन हादरून त्याचे टाके सुटतील, दर वर्षी आणून दाखव. आण्णा दर वर्षी दाखवत राहिले, चाचा होते तोवर.

फेंडरनी ज्या वर्षांत एकाचे दोन केले त्याचं कारण आवाज आणि वजन. आमच्याकडं दोनाचं एक झालं त्याचं कारण जीपवाल्याचा हिशेब. मी गेले दोन महिने पाश्चात्त्य पेट्यांचा इतिहास वाचत होतो आणि आपल्याच ओसरीवर असलेला विचारला नव्हता.

खिळे काढले. अर्ध्या तासाचं काम. सुतारानं बाजूच्या मुठी परत बसवल्या. मागच्या बाजूला पी-३८ पिनचा सॉकेट लावला. एक सांगायचं राहिलं. स्पीकरची वायर म्हणजे गिटारची वायर नव्हे, दोन्हीची पिन एकच असली तरी. गिटारच्या वायरीत आत केसासारखी तार असते, ती स्पीकरच्या करंटला तापते. जाड दोनपदरी वायर वापरायची. स्पीकरची प्लस-मायनस बघायला पेन्सिल सेल एक क्षण लावायचा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस तेच स्पीकरचं प्लस.

चालू केलं. वाजलं. स्वच्छ. खोकं हादरतंय आणि मशीन शांत, पहिल्यांदाच. इथं थांबायला पाहिजे होतं.

पण आता मागं सॉकेट आहे, आणि मित्राकडं डीजेचं एक जादा बेसचं खोकं पडलंय. दोन खोक्यांवर ऐकू म्हणलं. आठ ओहम शेजारी आठ ओहम, दोन्ही जोडले की होतात चार. चाचांचं मशीन आठसाठी बनवलेलं. चार ओहम म्हणजे करंट दुप्पट. हे सगळं मला माहीत होतं, आत्ताच तुम्हाला शंभर व्होल्टचं गणित सांगितलं ना. फ्यूज तरी उडायला पाहिजे होता, पण आदल्याच दिवशी घाईत त्या जागी मी तार गुंडाळली होती. तीन मिनिटं फार छान वाजलं. मग 'फट्', आणि जळका वास. चारातली तीन बटणं गेली. कार्यक्रमाला अकरा दिवस.

आण्णा काही बोलले नाहीत. उठून आत गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

पहिल्यांदा आणलेले २एन३०५५ नकली निघाले. वर आकडा तोच छापलेला, वजनाला हलके. फोडून बघितलं तर आत तिळाएवढा तुकडा, असली असता तर चांगला मसुराएवढा दिसला असता. दहा मिनिटांत गेले. मग पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन, निवडून, सहा आणले. चाचांचा मुलगा आता मोबाईल दुरुस्ती करतो. त्यानं वडिलांचं मशीन बघितलं, माझ्याकडं बघितलं, फ्यूजमधली तार काढून माझ्या हातात दिली, आणि संध्याकाळी सहापासून साडेअकरापर्यंत बसून सगळे टाके परत मारले. पैसे घेतले नाहीत. डोक्याच्या नव्या खोक्याला मागं हवेसाठी भोकं पाडायला लावली, आणि आठ ओहमचा आकडा रंगानं मोठा लिहायला लावला.

काहीजण विचारतील, एवढं कशाला, आज दोन-तीन किलोचं डोकं मिळतं. मिळतं. क्लास डी म्हणतात ते, उष्णता कमी, वजन कमी, ताकद भरपूर. आणि दुसरीकडं डीजेवाल्यांच्या नव्या खोक्यांत मशीन पुन्हा आतच बसवून येतं, म्हणजे परत एक. चाक फिरतंय. आमच्या गल्लीत वरातीला ज्या भिंती लागतात त्या ऐकून आण्णा खिडक्या लावून घेतात. त्यांचा डावा कान बराच गेलाय, पंधरा वर्षं पेटीच्या त्याच बाजूला उभं राहून. वरचे सूर गेले, खालचे राहिले.

कार्यक्रम साडेसातला सुरू झाला, दहाला बंद करायचा होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर बंदी आहे, ठरावीक सवलतीचे दिवस सोडले तर, आणि आण्णांची मंडळी याबाबत कडक. आण्णा खुर्चीवर बसून वाजवत होते. बेस मांडीवर, डोकं टेबलावर माइकवाल्याच्या अहुजाशेजारी, धड त्यांच्या उजव्या पायाशी. डाव्या कानाला काही कळत नव्हतं म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि उजवा पाय खोक्यावर ठेवला. पायानं ऐकत होते. शेवटच्या गाण्यात ढोलकीवाला पुढं पळाला, आण्णा पळाले नाहीत, आणि दोन ओळींत तो परत त्यांच्या ठेक्यावर आला. बास, एवढं मी बघितलं. बाकीचा वेळ मी मशीनच्या पंखांना हात लावून ती किती तापलीत ते बघत होतो.

परतताना रिक्षा केली. मी धड मागं टाकलं आणि डोकं उचलायला वळलो. रिक्षावाला म्हणाला, "किती नग?"

आण्णा आधीच आत बसले होते. डोकं त्यांच्या मांडीवर होतं, दोन्ही हात त्याच्यावर.

"एकच," ते म्हणाले.